निवेदनात तपशील कुठला घालावा? बर्मिंगहॅमचं पत्र वाचताना पडलेला प्रश्न

अग्रणीकाठ (सांगली):

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर या महिन्यात अमेरिकेतल्या काळ्यांच्या समान हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली तिथल्या बर्मिंगहॅम शहराच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र घेतलंय. पत्र आतून हलवतं हे सगळेच कबूल करतात, पण कशामुळे, इथे गाडी अडते. "भावना खऱ्या आहेत म्हणून" एवढ्यावर माझं समाधान होत नाही. खऱ्या भावनांनी भरलेली निवेदनं कचेऱ्यांत गठ्ठ्याने पडून असतात.

प्रश्न नुसता वाचनापुरता नाही. जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका वस्तीसाठी स्मशानभूमीच्या रस्त्याचं निवेदन लिहायचंय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. कच्चा मसुदा असा आहे:

"गेली अनेक वर्षे आमच्या वस्तीवर घोर अन्याय होत असून आम्हांस मूलभूत सुविधांपासून हेतुपुरस्सर वंचित ठेवण्यात आले आहे. स्मशानभूमीकडे जाण्यास रस्ता नसल्याने ग्रामस्थांना अतोनात हाल सोसावे लागतात. पावसाळ्यात तर परिस्थिती अत्यंत भयावह होते. वारंवार तोंडी व लेखी मागणी करूनही प्रशासनाने जाणीवपूर्वक दुर्लक्ष केले आहे. तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतिपूर्वक विचार करून न्याय द्यावा, ही नम्र विनंती."

माहिती अशी: ओढ्याच्या काठाने पायवाट आहे, पुढे ओढा ओलांडावा लागतो. ट्रॅक्टर जात नाही. मागे दोन अर्ज दिलेत, पोच एकाचीच सापडते. गावच्या दुसऱ्या स्मशानभूमीकडे डांबरी सडक आहे.

तपशील घालायचा म्हणजे नेमका कुठला, किती, आणि कुठल्या क्रमाने? आकडे घातले की मजकूर कोरडा होतो आणि प्रसंग घातले की रडगाणं होतं, असं दोन्हीकडून ऐकायला मिळतंय.

---

माणदेशी पाटी:

तुमच्या मसुद्यात खोटं काहीच नाही. पण गावाचं नाव बदललं तर हाच मजकूर नळाच्या अर्जाला, अंगणवाडीच्या अर्जाला, कशालाही चालेल. तिथेच तो पडतो. "घोर", "अतोनात", "भयावह" हे शब्द वाचून साहेबांच्या डोळ्यासमोर काहीच उभं राहत नाही.

किंगचं पत्र कुणाला लिहिलंय ते आधी बघा. १२ एप्रिल १९६३, गुड फ्रायडे, त्या दिवशी त्यांना अटक झाली. त्याच सुमारास शहरातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी निवेदन काढलं की वंशभेदाविरुद्धची ही निदर्शनं शहाणपणाची नाहीत आणि वेळही योग्य नाही, कोर्टात जा. किंगच्या उत्तरावर तारीख १६ एप्रिलची आहे आणि सुरुवात झाली ती वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर. म्हणजे वाचक ठरलेला आहे: शिकलेला, सभ्य, देवभिरू माणूस, जो स्वतःला कुणाचा शत्रू मानत नाही आणि फक्त "जरा दमानं घ्या" म्हणतो. पत्रातला प्रत्येक तपशील या माणसासाठी निवडलाय.

त्यातलं ते प्रसिद्ध लांबलचक वाक्य घ्या, इंग्रजीत तीनशेवर शब्दांचं. सुरुवात झुंडींनी केलेल्या हत्या आणि पोलिसांच्या मारहाणीपासून होते. तिथे धर्मगुरू मान हलवतील, "वाईटच आहे, पण ते गुंड वेगळे, आम्ही वेगळे." मग वाक्य खाली उतरतं. सहा वर्षांच्या मुलीने टीव्हीवर करमणुकीच्या बागेची जाहिरात पाहिलीय आणि काळ्या मुलांना तिथे प्रवेश नाही हे सांगताना बापाची जीभ अडखळते. या चित्रात काठी नाही, कुत्रा नाही, गुंड नाही. आहे तो टीव्ही, जो वाचकाच्या घरीही आहे, आणि ती जाहिरात, जी त्याच्या नातवंडांनीही पाहिलीय. अंग काढून घ्यायला जागाच उरत नाही. पुढे मोटेलमध्ये खोली मिळत नाही म्हणून गाडीतच अवघडून काढलेल्या रात्री येतात, आणि मग संबोधनं: वय काहीही असो, पुरुषाला "पोरा" म्हणायचं, आणि बायकोला, आईला नावाआधीचा मानाचा "मिसेस" कधीच लावायचा नाही. हे आपल्याला समजावून सांगायला नको. साठीच्या माणसाला विशीतल्या पोराने "ए, इकडं ये" म्हणणं म्हणजे काय, हे ज्याने "अहो" आणि "अरे" या दोन शब्दांतलं अंतर भोगलंय त्याला पक्कं कळतं.

आता रचना बघा. "जेव्हा तुम्ही हे पाहिलेलं असतं, जेव्हा ते पाहिलेलं असतं" असं चालत राहतं आणि "तेव्हा तुम्हाला कळेल, आम्हाला थांबणं का जड जातं" हा भाग अगदी शेवटी येतो. थांबा म्हणणाऱ्याला वाक्याच्या शेवटापर्यंत थांबवून ठेवलंय. मराठीत जेव्हा-तेव्हाची जोडी आयतीच आहे, पण आपलं क्रियापद प्रत्येक तुकड्याच्या शेवटी येत असल्यामुळे चार-पाच तुकड्यांपुढे वाचणाऱ्याला धाप लागते. निवेदनात तीनवर थांबा.

धर्मगुरूंनी पोलिसांची शिस्तीबद्दल स्तुती केली होती. त्याला उत्तर देताना नि:शस्त्र माणसांवर सोडलेल्या कुत्र्यांच्या जोडीला किंगनी एक बारकी गोष्ट ठेवली: तुरुंगात सगळ्यांना मिळून जेवणाआधीची प्रार्थना गायची होती, म्हणून दोनदा जेवण नाकारलं गेलं. कुणा पुढाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल. धर्मगुरूला वाटणार नाही. आपल्याकडे "वदनी कवळ घेता" म्हणू दिलं नाही म्हणून ताट उचलून नेलं, असं कुणा कीर्तनकाराला सांगून बघा. तपशिलाचं वजन तो कोण वाचणार यावरून ठरतं.

दुसरं उदाहरण आपल्या उंबऱ्यावरचं. बाबासाहेबांनी लहानपणीचा मसूर स्टेशनचा प्रसंग इंग्रजीत लिहून ठेवलाय. साताऱ्याहून निघालेली मुलं, वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला, उतरायचं मसूरला. पहिला तपशील कपड्यांचा येतो: नवे शर्ट, चमकत्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. अपमानाच्या प्रसंगात टोप्यांचं वर्णन कशाला? कारण वाचणारा सवर्ण मनात म्हणणार, "अस्वच्छ असतील म्हणून दूर ठेवलं." स्टेशनमास्तरला तर ती ब्राह्मणांचीच मुलं वाटली होती, जात कळल्यावर त्याचा चेहरा पालटला. ती पळवाट प्रश्न निघायच्या आधीच बुजली. मग गाडीवाला कुणी मिळेना, तेव्हा दुप्पट भाडं कबूल झालं. म्हणजे पैशाचीही अडचण नव्हती. त्यावर कळस असा की गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. भाडं दुप्पट घेऊन माणूस आपल्याच गाडीत बसायला तयार नाही! लेखक इथे "अन्याय" म्हणत नाही. तीन तपशील, तीन दारं बंद. सातारच्या शाळेतलं गोणपाट आणि शिपाई हजर असला तरच मिळणारं पाणी, हेही त्याच लेखनात आहे, तेही वाचा.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. निवेदन वाचणारा मनात कुठकुठल्या सबबी काढेल, त्या कागदावर लिहून काढा. "रस्ता नाही म्हणजे थोडं चालावं लागत असेल." "आपला भाग दुष्काळी, कसला पूर?" "अर्ज आलाच नसेल." प्रत्येक सबबीला एक तपशील. ज्याने कुठलीच सबब बुजत नाही, तो कितीही हृदयद्रावक असला तरी काढा.

आकडा आणि प्रसंग हे भांडण तर मुळात खोटं आहे. फ्रेडरिक डग्लस गुलामीतून निसटलेला माणूस. १८४५ च्या आत्मकथेत त्याने गुलामांना महिन्याला मिळणारा शिधा मोजून दिलाय, आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढी मासळी, आणि एक बुशेल (धान्य मोजायचं माप) मक्याचं पीठ. वर्षाच्या सगळ्या कपड्यांची किंमत सात डॉलरहून जास्त नव्हती, हेही. आणि त्याच पुस्तकात थंडीने तडकलेल्या पायांबद्दल सांगताना तो म्हणतो की मी आत्ता ज्या टाकाने लिहितोय तो त्या भेगांत बसेल. हे मोजमापच आहे, फक्त मोजायचं साधन वाचकाच्या ओळखीचं आहे. "गुडघाभर पाणी" आणि "२२ इंच पाणी" दोन्ही लिहा, एकाच वाक्यात.

---

कागदपत्र:

वरचं सगळं मान्य, पण निवेदन भाषण नव्हे. कागद कुठल्या टेबलावरून कुठे जातो ते धरून लिहावं लागतं.

आवक-जावकला नोंद होते, मग संबंधित लिपिकाकडे, मग बहुतेक वेळा "चौकशी करून अहवाल द्यावा" असा शेरा पडून कागद मंडल अधिकारी किंवा गटविकास अधिकाऱ्यांकडे. जागेवर जाणारा माणूस तुमचं निवेदन हातात धरून जातो. त्याला कुठे उभं राहायचं, काय मोजायचं, हे त्यातून कळलं पाहिजे. ओढा कुठल्या गटाजवळ ओलांडायचा, वाट सर्वांत अरुंद कुठे, स्मशानभूमीचा गट नंबर काय, सातबाऱ्यावर आणि गाव नकाशात तिची आणि वाटेची नोंद कशी आहे, ग्रामसभेचा ठराव असल्यास क्रमांक आणि तारीख. हे नसेल तर अहवालात "ग्रामस्थांची रस्त्याची मागणी आहे" एवढंच परत येतं, आणि ते तर आधीच माहीत होतं.

मोजणी अशी करा. ३० मीटरची टेप घ्या, वस्तीतल्या शेवटच्या घराच्या उंबऱ्यापासून सरणाच्या जागेपर्यंत टप्पे मोजत जा, दर टप्प्याला चुन्याची खूण. मोटारसायकलच्या किलोमीटरवर विसंबू नका, १०० मीटरचाही फरक तिथे सहज लपतो. वाटेची रुंदी पाच ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी असलेली लिहा, पण "सर्वांत अरुंद ठिकाणी" हे शब्द सोडू नका, नाहीतर सगळी वाटच तेवढी आहे असा अर्थ निघून पुढे तुम्हीच खोटे ठरता. पाण्याच्या खोलीसाठी काठीवर इंचाच्या खुणा करा, एकाच दगडाजवळ तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा, तारखेसह लिहा. फोटोत काठी दिसू दे, माणसांचे चेहरे नकोत. मोजताना दोघं तरी असावेत, एक वस्तीबाहेरचा असला तर उत्तम.

"पावसाळ्यात" हा शब्द पूर्व भागात फसवा आहे. जून-जुलैत तिथे ओढे कोरडेच असतात. येतात ते परतीच्या पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरला. अधिकारी जुलैत पाहणीला आला तर कोरडा ओढा पाहून "अडचण आढळून आली नाही" लिहून जाईल. महिने घाला. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीतून मागच्या तीन वर्षांत त्या दोन महिन्यांत वस्तीतले मृत्यू किती, तो आकडा काढा. तीन असेल तर तीनच लिहा. "शेकडो" लिहिलंत की कागदाची पत गेली.

आणि हे मोजलेलं जितकं सरकारी कागदातून येईल तितकं चांगलं. आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार बाईंनी १८९५ साली अमेरिकेतल्या झुंडहत्यांची यादी छापली तेव्हा आकडे स्वतः गोळा केलेले वापरले नाहीत; गोऱ्यांच्या मालकीच्या "शिकागो ट्रिब्यून"ने छापलेलेच घेतले. खोटं म्हणायचं तर आपल्याच वर्तमानपत्राला म्हणायला लागलं असतं. चवदार तळ्याची बाजूही तशीच भक्कम होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा मुंबई कायदेमंडळातला बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ चा, आणि ओंजळीत पाणी घ्यायला मार्च १९२७ उजाडला. ही तीन सालं एका ओळीत ठेवली की वेगळं विशेषण लागत नाही. पुढे मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल लागलं, तो भाग निराळा.

तुमच्या हरवलेल्या पोचेचं: माहिती अधिकारात अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. "अमुक ते अमुक तारखेदरम्यान या विषयाच्या अर्जांची आवक नोंदवहीतील नोंद व त्यावरील कार्यवाही" अशी नेमकी मागणी ठेवा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नोंद सापडली तर "वारंवार मागणी करूनही" हे अख्खं वाक्य खोडून दोन आवक क्रमांक आणि दोन तारखा लिहा. सापडली नाही तर एकच अर्ज लिहा. सिद्ध होत नाही तो घालू नका.

"हेतुपुरस्सर" आणि "जाणीवपूर्वक" हे दोन्ही काढा. रस्ता झालेला नाही ही एक गोष्ट, आणि कुणीतरी जातीवरून वाट अडवली ही पूर्ण वेगळी. दुसरं घडलं असेल तर स्मशानभूमी, रस्ता, पाणवठा यांचा समान वापर अडवणं हा अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे, २०१५ च्या दुरुस्तीत ते स्पष्ट आलंय. त्याची फिर्याद स्वतंत्र, पोलीस ठाण्यात: तारीख, वेळ, जागा, कोण, काय शब्द बोलला, कोणासमक्ष. निवेदनात ते ओझरतं घातलं तर निवेदनही पांगळं होतं आणि फिर्यादही.

---

वारणेपल्याड:

दोघांनी चांगलं लिहिलंय, पण सर्वांत मोठी गोष्ट तुमच्या प्रश्नातच पडून राहिली. "गावच्या दुसऱ्या स्मशानभूमीकडे डांबरी सडक आहे." हे मसुद्यात कुठाय?

रस्ता नसणं ही गैरसोय झाली. एकाच गावात, एकाच ग्रामपंचायतीच्या हद्दीत, एका स्मशानभूमीला डांबर आणि दुसरीला पायवाट, हा नागरी हक्काचा प्रश्न झाला. किंगच्या पत्रातल्या पाट्या आठवा. दुकानदारांनी वंशभेदाच्या पाट्या काढायचं कबूल केलं होतं. काही पाट्या निघाल्या आणि थोड्या दिवसांत परत लागल्या. दोन अवस्था शेजारी ठेवल्यात, वचन मोडल्याचं वाचकच म्हणतो. तुम्हीही दोन्ही रस्ते एकाच तक्त्यात मांडा: लांबी, रुंदी, पृष्ठभाग, ट्रॅक्टर जातो का, दिवाबत्ती, पाण्याची टाकी, शेड. दुसऱ्या रस्त्यावर खर्च कुठल्या वर्षी, कुठल्या निधीतून झाला ते ग्रामपंचायतीच्या दप्तरात मिळेल. तक्त्यावर शेरा लिहू नका.

आता पत्रकाबद्दल, कारण निवेदनामागोमाग तुम्ही ते काढणारच. तिथे नियम बदलतो. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्सना बसमधली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडली नाही म्हणून अटक झाली, गुरुवार होता. त्या रात्री जो अॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजातल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रकं काढली. मजकूर एका पानाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. त्यात तपशील मोजकेच: बसमधले तीन चतुर्थांश उतारू काळे आहेत, आणि तरी त्यांना रिकाम्या सीटपाशी उभं राहावं लागतं. झालं. बसने रोज जाणाऱ्याला यापुढे समजावायला लागत नाही. मग थेट: सोमवारी कामाला, गावात, शाळेला, कुठेही जायला बस वापरू नका, टॅक्सी करा नाहीतर चाला. दिवस कुठला, टाळायचं काय, त्याऐवजी करायचं काय. निवेदनातला गट नंबर पत्रकात घातलात तर कुणी वाचणार नाही, आणि पत्रकातली रिकामी सीट निवेदनात एकटीच ठेवलीत तर त्यावर शेरा मारायला साहेबांना काही मिळणार नाही.

एक सावधगिरी. मृताचा फोटो, नाव, घरच्यांचा आक्रोश हे विचारल्याशिवाय वापरायचं नाही, मग परिणाम कितीही होवो. १९५५ मध्येच गोऱ्यांनी ठार मारलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाची शवपेटी उघडी ठेवली गेली आणि फोटो छापले गेले, त्याने देश हादरला. पण तो निर्णय त्याच्या आईचा होता. कार्यकर्त्याचा नव्हता.

आणि अमेरिकेचंच किती सांगायचं? १८५५ साली "ज्ञानोदय"मध्ये मुक्ता साळवेचा निबंध आला, फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, वरून थंडी, पाऊस, वारा. आणि लगेच ती वाचणाऱ्याला सांगते की स्वतःच्या अनुभवावरून याचा विचार करा. बाळंतपण प्रत्येक घरात झालंय, छप्पर मात्र एकीकडेच आहे. वाचकाच्या घरात जे आहे तेच उचलायचं आणि त्यातली एक वस्तू काढून घ्यायची. दीडशेच्यावर वर्षं झाली, ही रीत अजून जुनी झालेली नाही. मरणही प्रत्येक घरात झालेलं असतं, त्यामुळे तुम्हाला वेगळं काही शोधायची गरज नाही.

---

अग्रणीकाठ (सांगली):

मंडळी, मनापासून आभार. मोजणी झाली, वस्तीतल्या जाणत्या मंडळींना विचारून मसुदा नव्याने केलाय. तक्ता वेगळ्या पानावर जोडतोय. मुख्य परिच्छेद बघा:

"वस्तीतील शेवटच्या घरापासून स्मशानभूमी ६४० मीटर अंतरावर आहे. त्यापैकी २१० मीटर वाट ओढ्याच्या काठाने जाते व सर्वांत अरुंद ठिकाणी तिची रुंदी २ फूट ४ इंच आहे. तिरडीला दोन्ही बाजूंनी खांदा देता येत नाही. पुढे एक व मागे एक असे दोघेच ती हातांवर धरून नेतात. ट्रॅक्टर पोहोचत नसल्याने एका अंत्यविधीचे सुमारे ३०० किलो सरपण मोळ्या बांधून डोक्यावरून न्यावे लागते. २५ किलोची मोळी धरल्यास बारा खेपा होतात. सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत ओढ्यास गुडघाभर (मोजलेले २२ इंच) पाणी असते. विस्तवाचे मडके हाती घेतलेल्या मुलास आधारासाठी हात मोकळा राहत नाही. त्यास दुसऱ्याने दंडाला धरून पलीकडे न्यावे लागते. याच ग्रामपंचायत हद्दीतील दुसऱ्या स्मशानभूमीस १२ फूट रुंदीचा डांबरी रस्ता आहे. तुलनात्मक तक्ता सोबत जोडला आहे. या विषयावर यापूर्वी दिलेल्या अर्जाची पोच सोबत जोडली आहे."

मागणी अशी: "सदर वाटेची संयुक्त पाहणी ऑक्टोबर महिन्यात अर्जदारांच्या उपस्थितीत करावी व रस्ता तसेच ओढ्यावरील मोरीचे अंदाजपत्रक तयार करण्याचे आदेश व्हावेत."

"मेहेरबान", "नम्र विनंती" ठेवलेलं नाही. उद्धट वाटेल का?

---

माणदेशी पाटी:

उद्धट अजिबात नाही. "आदेश व्हावेत" यात पुरेसा आदर आहे.

मडक्याचं वाक्य हाताशी धरून ठेवा, कुणी "भावनिक आहे, काढा" म्हटलं तरी काढू नका. तिरडीचं वाक्य रुंदीमुळे सिद्ध होतं, सरपणाचं गुणाकाराने, आणि हे एक वाक्य असं आहे की वाचणाऱ्याचा स्वतःचा हात गच्च होतो. ते बरोबर जागी आलंय, आकड्यांनंतर. सुरुवातीला आलं असतं तर पुढचं सगळं कुणी वाचलं नसतं.

क्रमात एकच बदल सुचवतो. डांबरी रस्त्याचं वाक्य पाण्याच्या आणि मडक्याच्या वाक्यांनंतर लगेच येतंय ते उत्तम, पण "याच ग्रामपंचायत हद्दीतील" याच्या आधी नवा परिच्छेद करा. एकटं दिसू दे.

---

कागदपत्र:

"सुमारे ३०० किलो" आहे तिथे "सुमारे" ठेवा, पण २२ इंचापुढे मोजल्याची तारीख घाला. नाहीतर तिथेही "सुमारे"च आहे असं धरतील. तीन दिवसांचे आकडे वेगळे आले असतील तर तिन्ही तक्त्यात द्या, परिच्छेदात सर्वांत जास्त आणि त्याची तारीख. तळटीप नको, कंसातच.

"मुलास" ऐवजी "अग्नी देणाऱ्यास" करा. हल्ली मुलीही मडकं धरतात, आणि वस्तीत तसं झालेलं असेल तर कुणीतरी तेवढ्यावरून वाक्य खोटं ठरवेल.

प्रती तीन काढा: तहसीलदार, गटविकास अधिकारी, समाजकल्याणचे सहायक आयुक्त. प्रत्येकीवर खाली "प्रत" म्हणून इतर दोघांची नावं. पोच घेताना शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख तिन्ही आहेत का ते खिडकीपाशी उभं राहूनच बघा. नुसत्या सहीची पोच पुढे उपयोगी पडत नाही. जोडपत्रांची संख्या निवेदनाच्या शेवटी आकड्यात लिहा, "सोबत: ४ पाने", म्हणजे तक्ता गहाळ झाला तर तो जोडलाच नव्हता असं म्हणता येणार नाही. आणि सह्या घेताना ज्यांचा अंगठा आहे त्यांच्या अंगठ्यासमोर नाव आणि साक्षीदाराची सही लगेच घ्या, घरी नेऊन नंतर भरू नका.